एक ताट जास्तीचं

हात धुवायला न्हाणीघरात गेले, तर टबात हातभर लांब मासा. जिवंत. वीतभर पाण्यात कल्ले हलवत निवांत पडलेला. मी ओरडले नाही, पण हात न धुताच बाहेर आले. स्वयंपाकघरात बीट सोलत बसलेल्या बाबचाला माझ्या चेहऱ्यावरूनच सगळं कळलं. ती हसली आणि नातीला काहीतरी म्हणाली. नातीने इंग्रजीत मला सांगितलं, "आजी म्हणते, मासा बाहेर निघेपर्यंत या घरात कुणाची आंघोळ नाही."

ही 23 डिसेंबर 2022 ची गोष्ट. ठिकाण पोलंडमधल्या क्राकुफ शहराचा पूर्वेकडचा भाग, नोवा हुता. माझा मुलगा तिथे सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला आहे. "आई, एकदा इथला नाताळ बघून जा," असं त्याने वर्षभर टुमणं लावलं होतं, म्हणून नोव्हेंबरअखेरीला मी कोल्हापूर सोडलं. बाबचा म्हणजे पोलिशमध्ये आजी. ही मुलाच्या ऑफिसातल्या मैत्रिणीची आजी, वय वर्षं शहात्तर. घरातले सगळे तिला बाबचा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. माझ्या वयाला ते शोभत नव्हतं, पण तिला त्याची मोठी मौज वाटायची.

नाताळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक तर गोव्याच्या नेवऱ्या आणि दोदोल येतं, नाहीतर सिनेमातला, दुकानांच्या काचेतला लाल डगलेवाला सांता. पोलंडमध्ये सणाचा गाभा 25 तारखेला नसतोच. तो असतो 24 च्या संध्याकाळी. तिला म्हणतात विगिल्या. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ जागर. दुसऱ्या दिवशी लोक उशिरा उठतात, उरलेलं खातात आणि कुणाकडे फारसं जात नाहीत. गंमत म्हणजे ज्या दिवशी सगळं घडतं त्या 24 डिसेंबरला तिथे इतकी वर्षं सुटीच नव्हती. लोक अर्धा दिवस काम करून धावतपळत घर गाठायचे. ती सुटी 2025 पासून लागू झाली.

पण त्याआधी शोप्का. डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी क्राकुफच्या मोठ्या चौकात, कवी मित्स्क्येविच यांच्या पुतळ्याच्या पायऱ्यांवर, लोक घरी केलेले देखावे आणून मांडतात. येशूजन्माचे देखावे जगभर करतात आणि त्यांत गोठा असतो. क्राकुफच्या शोप्केत गोठा शोधूनही सापडत नाही. इथे बाळ जन्माला येतं ते थेट याच शहराच्या इमारतींत. मारिया चर्चचे कमीजास्त उंचीचे दोन मनोरे, वावेल टेकडीवरच्या कॅथेड्रलचा सोनेरी घुमट, जुन्या तटाचे बुरूज, सगळं एकमेकांत गुंफून, पुठ्ठा आणि पातळ फळ्यांवर चॉकलेटची रंगीत चांदी चिकटवून उभं केलेलं. काही तळहातावर मावतील एवढे, काही माझ्याहून उंच. ही कला मूळची गवंड्यांची. हिवाळ्यात बांधकामं थांबली की हाताला काम नसायचं. मग एकोणिसाव्या शतकातले हे कारागीर शोप्का करत, ती घेऊन दारोदार गाणी म्हणत आणि चार पैसे मिळवत. 1937 पासून तिची स्पर्धा भरते, महायुद्धात तेवढा खंड पडला. 2018 मध्ये युनेस्कोने या कलेची नोंद आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत केली.

माझ्या मनात मात्र आमच्या गल्लीतला किल्ला होता. मातीचा प्रतापगड, त्यावर पेरलेले आळीव, पायथ्याला अफझलखानाचा शामियाना आणि शेजारी बॅट घेऊन उभा प्लॅस्टिकचा क्रिकेटपटू, कारण तो टाकवत नाही. शोप्केतही तसंच. वरच्या मजल्यावर बाळ येशू, खाली वावेलच्या गुहेतला ड्रॅगन आणि सैतानाला आत्मा विकणारा दंतकथेतला जादूगार. एका गृहस्थाला विचारलं, किती दिवस लागले? "मागच्या डिसेंबरात सुरू केली," तो म्हणाला. म्हणजे एक शोप्का संपली की दुसरी.

तेवढ्यात मारिया चर्चच्या उंच मनोऱ्यातून तुतारी वाजली. दर तासाला, चारही दिशांना वाजते आणि सुरावट मध्येच तुटते. तातारांचा बाण वाजवणाऱ्याच्या गळ्यात लागला, अशी कथा सांगतात. खरीखोटी ते असो, तुटते ती मात्र अजून रोज, तासातासाला.

०००

23 तारखेला मला खसखस वाटायचं काम मिळालं. आपली खसखस पांढरी, अनारशावर थापायची किंवा रश्श्याच्या वाटणात घालायची, चमचा-दोन चमचे. पोलंडची खसखस निळसर काळी आणि हिशेब किलोचा. ती आधी उकळायची, निथळायची, मग खिमा करायच्या हातयंत्रातून तीनदा काढायची. एकदा नाही, दोनदा नाही, तीनदा. दुसऱ्या खेपेला मी "झालं की बारीक" अशा चेहऱ्याने पाहिलं. बाबचाने चिमटीत घेऊन दाताखाली धरली आणि मान हलवली. पुरणाला पाट्यावर परत पाठवणारी माझी सासू मला तिथे दिसली.

या खसखशीचा एक होतो गुंडाळीसारखा केक आणि दुसरी होते कुत्या. नाव ऐकून मुलाने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. पदार्थ मात्र असा, की कोल्हापूरच्या माणसाला त्याची ओळख करून द्यावी लागू नये. अख्खा गहू ठेचून, शिजवून, त्यात मध, खसखस, अक्रोड, बेदाणे. दूध नाही आणि गुळाच्या जागी मध, एवढं सोडलं तर ही आपली खपलीची खीर. पोलंडभर ती होत नाही. ती पूर्वेकडची, आज युक्रेन, बेलारूस, लिथुआनियात गेलेल्या मुलखातली. बाबचाची आई ल्वूफजवळच्या गावची. युद्धानंतर सीमा सरकल्या, ते गाव दुसऱ्या देशात गेलं आणि ही माणसं रेल्वेने पश्चिमेकडे आली. सामानात काय आणलं ते बाबचाला माहीत नाही, कारण तिचा जन्म नंतरचा. "कुत्या आणली," एवढं ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून घरात कुणी खाल्लं नव्हतं. पहिली चांदणी दिसल्याशिवाय जेवायला बसत नाहीत. तिथे डिसेंबरात सूर्य पावणेचारलाच मावळतो, त्यामुळे ऐकायला हे सोपं वाटतं. पण क्राकुफचं आकाश हिवाळ्यात बहुधा ढगांनी किंवा धुरक्याने भरलेलं. शहरात कोळसा आणि लाकूड जाळायला 2019 मध्ये बंदी आली, तरी आजूबाजूच्या गावांचा धूर यायचा तो येतोच. पोरं काचेला नाक लावून उभी. साडेचार वाजले. शेवटी आठ वर्षांचा एक मुलगा ओरडला आणि सगळे धावले. मला तो विमानाचा दिवा वाटला. सगळ्या मोठ्यांनाही वाटला असावा. पण भुकेल्या माणसांनी एकमताने ती चांदणी मान्य केली.

हा मुलगा घरचा नव्हता. तो आणि त्याची आई मार्चमध्ये खार्किवहून आले होते. फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा लाखो बायका आणि मुलं पोलंडच्या सीमेवर आली. बहुतेक पुरुषांना देश सोडायची परवानगी नव्हती. बाबचाच्या मुलीने स्टेशनवर जाऊन या दोघांना घरी आणलं. "आठवड्यासाठी," ती म्हणाली. डिसेंबर उजाडला होता.

टेबलावर पांढरीशुभ्र चादर, पण तिला मध्ये मध्ये उंचवटे. खाली वाळलं गवत पसरलेलं, गोठ्यातल्या गव्हाणीची आठवण म्हणून. पेले जरा तिरकेच उभे राहतात. मी कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि बसले. बोलणं थांबलं. मुलाने मला डोळ्यांनी खुणावलं, पण ती खूण कळायला उशीर झाला. ते ताट माझं नव्हतं. ते कुणाचंच नव्हतं. विगिल्याला प्रत्येक घरात एक ताट, एक पेला, एक खुर्ची जास्तीची मांडतात. न सांगता येणाऱ्या पाहुण्यासाठी, वाटसरूसाठी, घरातून गेलेल्या माणसासाठी. पाहुणा घरी येतो म्हणजे देव घरी येतो, अशी पोलिश म्हण आहे. आपल्याकडेही हे वेगळं सांगावं लागत नाही.

मी उठू लागले. बाबचाने खांदा दाबून मला खाली बसवलं. "त्यासाठीच आहे ते," नातीने भाषांतर केलं. मग आतून आणखी एक ताट आलं, खुर्च्या सरकल्या, पंगतीत पान वाढवावं तसं. पण आता नवा पेच. विगिल्याला माणसं सम संख्येत लागतात, विषम झाली तर वर्ष कुणाला तरी वाईट जातं म्हणे. आम्ही नऊ. बाबचाच्या जावयाने खालच्या मजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या काकांना बोलवावं, असं ठरलं. हे काका इथल्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले. जावयाचं आणि त्यांचं गाडी लावण्याच्या जागेवरून चार महिने बोलणं बंद होतं. जावई गेला. काका पाच मिनिटांत कोट घालून हजर. तयारच बसले असावेत.

०००

जेवणाआधी ओपवातेक. हा पत्त्याएवढा, कागदासारखा पातळ पांढरा पापड. नुसतं पीठ आणि पाणी, वर येशूजन्माचं चित्र उमटवलेलं. प्रत्येकाच्या हातात एक. मग उभं राहून प्रत्येकाने प्रत्येकाकडे जायचं. मी तुमच्यातला तुकडा मोडायचा, तुम्ही माझ्यातला, तो खायचा आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघून त्याला येत्या वर्षासाठी शुभ चिंतायचं. आपण संक्रांतीला तिळगूळ देतो, दसऱ्याला सोनं देतो, त्याच जातीची ही रीत. फरक एकच, आणि तो मला फार अवघड गेला. आपलं वाक्य ठरलेलं असतं, ते सगळ्यांना चालतं, देता देता पुढे सरकता येतं. इथे ठरलेलं वाक्य चालत नाही. त्या माणसाला काय हवंय ते तुम्हाला माहीत असायला लागतं.

बाबचा माझ्यासमोर आली. तिने माझा तुकडा मोडला आणि म्हणाली, "पुढच्या वेळेपर्यंत गुडघे टिकोत." तीन मजले चढताना मी कठडा धरते, हे तिने बघून ठेवलं होतं. मी मराठीत बोलले. काय बोलले ते लिहीत नाही. तिने भाषांतर मागितलं नाही.

काका आणि जावई सगळ्यांत शेवटी समोरासमोर आले. दोघेही पापडाकडेच बघत होते. काका काहीतरी पुटपुटले, जावयाने त्यांना मिठी मारली. गाडीच्या जागेचं पुढे काय झालं कुणास ठाऊक. खार्किवची ती आई बाबचाशी आपल्या भाषेत बोलली. दोन्ही भाषा बहिणी आहेत, थोडंफार कळत असणार. बाबचाने तिला बराच वेळ सोडलं नाही. त्या वेळी कुणी भाषांतर केलं नाही.

घरातल्या कुत्र्यालाही तुकडा मिळाला. खेड्यांत गुरांसाठी वेगळे रंगीत ओपवातेक असतात, कारण या रात्री बारा वाजता मुकी जनावरं माणसासारखी बोलतात, असा समज. त्यांचं बोलणं चोरून ऐकणाऱ्याचं मात्र भलं होत नाही. वसुबारसेला गायीला नैवेद्य देणाऱ्यांना यात नवल काय वाटणार?

आणि जेवण. बारा पदार्थ, बारा शिष्यांचे, त्यात मांस नाही. म्हणजे हा उपास. मासा चालतो. चर्चचं हे बंधन आता उरलेलं नाही, पण घरांनी ते सोडलेलं नाही. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण मी मुलाकरवी त्यांना समजावून सांगितली तेव्हा टेबल हसून हललं, गवतावरचा एक पेला आडवा झाला. बाराच्या बारा चाखायचे, एक चुकला तर वर्षभरातलं एक सुख चुकलं. बीट आंबवून केलेलं बार्श्च हे लालभडक सार मला आमसुलाच्या साराइतकं जवळचं वाटलं. त्यात रानातल्या अळंब्यांचं सारण भरलेले चिमुकले 'कान' तरंगतात. प्येरोगी म्हणजे उकडलेल्या करंज्या, आत आंबट कोबी. तेलातला हेरिंग मासा मी नियम म्हणून गिळला. टबातला कार्प तळून आला. त्याला किंचित चिखलाची चव असते, हे पोलिश लोकही मान्य करतात आणि तरी दरवर्षी करतात. त्याचं एक खवलं बाबचाने धुऊन माझ्या पाकिटात ठेवलं, पैसा टिकावा म्हणून. ते अजून आहे. पैशाबद्दल नंतर बोलू.

सगळ्यात चकवलं ते सुक्या फळांच्या सरबताने. त्यात धुरावर वाळवलेले आलुबुखारे असतात. पहिल्या घोटाला वाटलं, पातेलं करपलं. आजूबाजूला पाहिलं तर सगळे डोळे मिटून पीत होते.

०००

त्या रिकाम्या ताटाविषयी मी जेवताना विचारलं, की खरंच कधी कुणी आलंय का? हशा पिकला. पन्नास वर्षांत कुणीही नाही, बाबचा म्हणाली. दारू प्यालेला एक माणूस एकदा चुकून दार वाजवून गेला, तेवढाच. मग ती गंभीर झाली. तिची आई हे ताट मावशीसाठी मांडायची. 1939 च्या सप्टेंबरात पश्चिमेकडून हिटलरचं सैन्य पोलंडमध्ये शिरलं आणि अडीच आठवड्यांनी पूर्वेकडून स्टालिनचं. 1940 च्या फेब्रुवारीपासून पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं मालगाड्यांत कोंबून सैबेरियात, कझाकस्तानात नेली गेली. मावशी त्यांत होती. तिची कझाकस्तानातून दोन पत्रं आली. तिसरं आलं नाही.

मी चमचा खाली ठेवला. म्हटलं, बाबचा, मी ज्या गावची आहे तिथे ही माणसं आली होती.

तिला ठाऊक नव्हतं. पोलिश मुलांना आसरा देणाऱ्या जामनगरच्या महाराजांचं नाव तिने टीव्हीवर ऐकलेलं, त्यांच्या नावाचा चौक वॉर्सात आहे. कोल्हापूर हा शब्द मात्र तिने पहिल्यांदा ऐकला. मग मी सांगितलं. 1941 मध्ये जर्मनी रशियावर उलटला, स्टालिनला मित्र हवे झाले आणि त्याने पोलिश कैद्यांना मोकळं केलं. जी जगली त्यांतली बरीच 1942 मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात पोचली. त्यांतले सुमारे पाच हजार लोक, बहुतेक बायका आणि मुलं, 1943 पासून कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, स्काउटची पथकं होती.

"तिथे थंडी असते?" बाबचाने विचारलं.

"डिसेंबरात पहाटे स्वेटर लागतो."

ती हसली, मग गप्प झाली. तिने कुत्याचं भांडं उचललं आणि माझ्या ताटात आणखी दोन चमचे वाढले. मावशी वळिवड्यात होती का, हे तिने विचारलं नाही आणि मला सांगता आलं नसतं.

या ताटाचं कौतुक करताना एक गोष्ट लपवणं बरं नाही. 2021 च्या हिवाळ्यात बेलारूसच्या सीमेवरच्या जंगलात इराक, सीरियासारख्या देशांतून आलेली माणसं अडकली होती आणि पोलंडचे सैनिक त्यांना मागे हाकलत होते. त्या वर्षीही घरोघर जास्तीचं ताट मांडलंच होतं. काही सीमेलगतच्या घरांनी खिडकीत हिरवा दिवा लावला, इथे गरम जेवण आणि कोरडे कपडे मिळतील याची खूण म्हणून. सगळ्यांनी लावला नाही. नातीने हा विषय काढला तेव्हा जावई म्हणाला, "आज नको." बाबचा म्हणाली, "आजच."

रात्री अकराला आम्ही पास्तेर्काला, म्हणजे मध्यरात्रीच्या प्रार्थनेला निघालो. नोवा हुता हे कम्युनिस्टांनी 1949 पासून वसवलेलं कामगारांचं शहर, त्यात देवाला जागा मुद्दामच ठेवली नव्हती. 1959 मध्ये कारोल वोयतिवा नावाच्या तरुण बिशपने इथे उघड्या मैदानात, गोठवणाऱ्या थंडीत मध्यरात्रीची प्रार्थना घेतली. हेच पुढे पोप जॉन पॉल दुसरे. लोकांनी स्वतः राबून बांधलेलं, होडीच्या आकाराचं चर्च 1977 मध्ये उभं राहिलं. त्याच्या भिंती नदीतल्या गोट्यांनी मढवलेल्या आहेत. मी हातमोजा काढून एका गोट्याला हात लावला आणि लगेच मोजा चढवला. आत चालायला वाट नव्हती. गाणी सुरू झाली. त्यांत एक बाळाला निजवणारं होतं. त्याचा सूर शोपँने आपल्या एका पियानोरचनेत घेतला आहे. माझ्या शेजारी धिप्पाड काका, डोळे मिटून अंगाई म्हणत होते. रामनवमीला बारा वाजता आपण पाळणा म्हणतो तेव्हा आमच्या तालमीतले पैलवानही असेच दिसतात.

कुणाला विगिल्याचं आमंत्रण आलंच तर दुपारी जेवू नका, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसण्याआधी विचारा.

परत आल्यावर मी कोल्हापूरच्या महावीर उद्यानातला पोलिश स्मृतिस्तंभ पाहायला गेले. कित्येकदा त्याच्यावरून गेले होते, थांबले नव्हते. वळिवड्याच्या छावणीत पाच नाताळ झाले, 1943 ते 1947. 1948 मध्ये लोक पांगले. काही इंग्लंडला, काही ऑस्ट्रेलिया-कॅनडाला, थोडे पोलंडला. रिकाम्या झालेल्या त्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं राहू लागली आणि वसाहतीचं नाव गांधीनगर पडलं. कोल्हापूर-सांगलीकडचे लोक लग्नाचा बस्ता तिथेच बांधतात. आमचे यंदाचे दिवाळीचे कपडेही तिथलेच.